भिडू समोर असावा

‘व्हिडिओ गेम’ हे दोन शब्द उच्चारताच बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षात आईवडील व शेजारचे काका, दुसऱ्यात आम्ही मुले. आजीआजोबा मात्र प्रसंग पाहून कधी इकडे तर कधी तिकडे. दोन्ही पक्षांची भाषणे आता इतकी ठरून गेली आहेत की, एकाने तोंड उघडताच दुसऱ्यास शेवटचे वाक्य ठाऊक असते. मी दुसऱ्या पक्षाचा सभासद आहे, हे आरंभीच कबूल करतो. तथापि गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी तिघा मित्रांसमवेत व्हिडिओ गेमचे एक मोठे संमेलन पाहावयास गेलो असता, या दोन्ही भाषणांत जी गोष्ट कधीच येत नाही ती माझ्या दृष्टीस पडली. ती येथे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

‘संमेलन’ हा शब्द मी समजून उमजून योजिला आहे. आपल्या ठाण्यास डिसेंबर 2010 मध्ये व डोंबिवलीस फेब्रुवारी 2017 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या वेळी पुस्तके घरी बसून वाचता येत असताही हजारो लोक मंडपात आले, हे आपल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. वाचन एकट्याचे, परंतु वाचणाऱ्यांस एकमेकांस भेटावेसे वाटते. खेळणाऱ्यांचेही तसेच आहे. चित्रकथा, चित्रपट व गेम यांची एकत्र जत्रा भरविण्याची प्रथा आपल्या देशात 2011 साली दिल्लीच्या कॉमिक कॉनने सुरू केली व ती लौकरच मुंबईत आली. एप्रिल 2019 मध्ये तर वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात ‘डोटा’ नामक खेळाचे आंतरराष्ट्रीय सामने झाले व त्यांस तीन लाख डॉलरची बक्षिसे होती. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मुंबईत जे भरते ते पाहावयाचे तर कल्याण-डोंबिवलीच्या मुलाने गाडी धरली पाहिजे, हा नियम साहित्य संमेलनाने दोनदा मोडला. गेमच्या संमेलनाने अद्याप मोडलेला नाही.

परवानगी मिळण्यास पंधरा दिवस लागले. अखेर आमच्या डोंबिवलीकर मित्राच्या आजोबांनी ‘मी बरोबर जातो’ असे म्हटले आणि चारही घरांचा विरोध एकदम मावळला. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन त्यांस पुष्कळ वर्षे झाली. कॅरममध्ये त्यांचा हात धरणारा आमच्या आळीत कोणी नाही. रविवारी मध्य रेल्वेवर ब्लॉक असतो, म्हणून शनिवार निवडावा ही सूचनाही त्यांचीच. कल्याणकर मित्र गाडीत आधीपासून उभा होता, आम्ही तिघे डोंबिवलीस चढलो, ठाणेकर ठाण्यास आला. सकाळच्या जलद लोकलमध्ये डोंबिवलीस चढणे हे कोणत्याही गेमच्या शेवटच्या पायरीपेक्षा अवघड काम आहे, असे माझे मत आहे. पण तो विषय निराळा. घाटकोपरला उतरून मेट्रोने, पुढे ती बदलून दुसऱ्या मेट्रोने, आम्ही पश्चिम उपनगरांतील त्या विस्तीर्ण प्रदर्शनगृहाच्या दारी पोहोचलो. तेथे आमचे डबे अडविण्यात आले. बाहेरचे अन्न आत नेता येत नाही असे कळले. तेव्हा आम्ही पाचही जणांनी फाटकाबाहेर उभ्या उभ्या सकाळी साडेदहालाच पोळी-भाजी संपविली. आतील खाद्यपदार्थांचे भाव पाहिल्यावर आजोबांच्या आग्रहाचे महत्त्व आम्हांस पटले.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास मला काहीच कळले नाही. ध्वनिक्षेपकांचा कल्लोळ, रंगीत दिव्यांचे झोत, पुरुषभर उंचीचे पडदे, आणि जिकडे तिकडे विक्री. कोणी मोबाइल विकतो, कोणी खुर्ची, कोणी थंड पेय. गेम हे निमित्त, असे क्षणभर वाटले. हे मी झाकून ठेवीत नाही. जे पालक अशा जागेस बाजार म्हणतात ते अर्धे खरे बोलतात. आम्ही आत सुमारे आठ तास होतो, पैकी निदान तीन तास रांगांत गेले. परंतु गंमत अशी की, त्या दिवसाची अर्धी मौज मला रांगेतच मिळाली. पुढे उभा असलेला मुलगा उल्हासनगरचा, मागची दोघे बहीणभाऊ विक्रोळीची. कोणता डाव कोणास कोठे अडला, कोणी कोणती युक्ती शोधली, यावर बोलता बोलता रांग केव्हा सरकली ते समजलेही नाही. एरवी लोकलमध्ये याच मुलांच्या खांद्यास खांदा लावून आम्ही मुकाट्याने उभे राहिलो असतो.

आता मुख्य प्रसंग सांगतो. तो सांगावयास मला फारसा अभिमान नाही.

‘टेकन’ नावाचा द्वंद्वयुद्धाचा एक खेळ आहे. दोघांनी शेजारी बसावयाचे, पडद्यावर दोन योद्धे, ज्याचे बळ आधी संपेल तो हरला. या खेळात मी स्वतःस बरा समजत होतो. जो जिंकेल त्याने बसून राहावे, जो हरेल त्याने उठावे, असा तेथील नियम होता. माझी पाळी आली तेव्हा खुर्चीवर फार तर दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याचे पाय जमिनीस टेकत नव्हते. मी मनात म्हटले, याला थोडे सांभाळूनच घ्यावे. पहिला डाव त्याने मला सांभाळून न घेता संपविला. दुसराही तसाच. उठताना मी मोठ्याने म्हणालो, ‘माझे कंट्रोलर नीट चालत नव्हते.’ त्या मुलाने माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे, काळजीने. आणि स्वतःचे कंट्रोलर मजपुढे करून म्हणाला, ‘हे घ्या दादा, मी तुमचे घेतो.’ मागच्या मुलाने उदारपणे आपली पाळी मला दिली. मी पुन्हा बसलो आणि पुन्हा हरलो. कंट्रोलर उत्तम चालत होते.

घरी असतो तर मी काय केले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. दुसरा डाव हातचा जाताच मी फोन बंद केला असता, किंवा कोठल्याशा खोट्या नावामागे दडलेल्या त्या प्रतिपक्षास दोन अपशब्द लिहून पाठविले असते. असे मी केलेले आहे. समोर दहा वर्षांचा मुलगा आहे हे मला कधी कळलेही नसते. मैदानावर असल्या वागणुकीस ‘रडीचा डाव’ म्हणतात आणि रडणाऱ्यास दुसऱ्या दिवशी कोणी खेळावयास घेत नाही. मोबाइलवर रडीचा डाव खेळणारास शिक्षाच नाही. भिडूंचा तोटा नसल्यामुळे दुसरा लगेच मिळतो. गेम मुलांस बिघडवितो की नाही, या प्रश्नावर दोन्ही पक्ष भांडतात. परंतु समोर भिडूच नसलेला खेळ माणसास काय शिकविणार, हे कोणीच विचारीत नाही. त्या दिवशी त्या लहानग्याशी हस्तांदोलन करताना माझे कान तापले होते. तसे कान तापणे मला पाच वर्षांत कोणत्याही ऑनलाइन सामन्याने शिकविले नव्हते.

वडिलांस हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी आपल्या लहानपणची हकीकत सांगितली. त्यांच्या वेळी, म्हणजे सन 1990 नंतरच्या दशकात, दूरचित्रवाणी संचास जोडावयाचा गेमचा डबा आळीत एखाद्याच घरी असे. सुट्टीत तासाच्या भाड्यानेही तो मिळत असे. ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ ही दोन नावे काढताच त्यांचा चेहरा उजळतो. कंट्रोलर दोन, मुले सात. सबब पाच जण मागे बसून सल्ले देत. त्यांस खेळ जेवढा आठवतो त्याहून ते मागचे पाच जण अधिक आठवतात. मग आमच्या पिढीचे काय झाले? 2020 च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली. आम्ही तेव्हा चौथी-पाचवीत होतो. वर्ग, मित्र, खेळ, वाढदिवस, सारे त्या वीतभर काचेत शिरले. टाळेबंदी उठली, शाळा परत इमारतीत आली; खेळ मात्र काचेतच राहिला. त्यास परत बाहेर आणण्याची गरज कोणास वाटली नाही, कारण मैदानेही मध्यंतरी आकसली होती. आमच्या चाळीच्या जागी आज चौदा मजली इमारत आहे. तिच्या अंगणात मोटारी खेळतात.

दुपारी मोठ्या रंगमंचावर पाच-पाच जणांचा सामना झाला. खेळ दिसण्यापेक्षा ऐकण्यासारखा होता. प्रत्येकाच्या कानांस यंत्र, तोंडाशी ध्वनिग्राहक; आणि त्यांचे परस्परांतील बोलणे अधूनमधून सर्वांस ऐकविले जात होते. ‘मी थांबतो, तू जा’, ‘माझी चूक’, ‘पुढच्यास बघू’ अशी ती वाक्ये. कबड्डीच्या संघात याहून निराळे काय बोलतात? या प्रकारास आता ई-स्पोर्ट्स म्हणतात. 2018 च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत तो प्रदर्शनापुरता होता व तेथे तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने ‘हार्थस्टोन’ खेळात कांस्य मिळविले. 2023 मध्ये हांगचौ येथे झालेल्या स्पर्धांत तो खऱ्या पदकांसह समाविष्ट झाला. पालकांस हे सांगितले की काही मुलांस वाटते आपला खटला जिंकला. मला तसे वाटत नाही. क्रिकेट खेळणारा प्रत्येक मुलगा कसोटीवीर होत नाही आणि त्याने व्हावे म्हणून आपण त्यास बॅट देत नाही.

पालकांच्या भयास दोन कारणे आहेत व ती दोन्ही मला खरी वाटतात. पहिले कारण वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, गेमच्या व्यसनास विकार म्हणून स्थान दिले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपुढे खेळास मान देणे व नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. आणि ती सामान्यतः निदान बारा महिने दिसली पाहिजेत. परीक्षेआधी दोन तास खेळलेला मुलगा रोगी नव्हे, पण वर्षभर मित्रांस टाळणाऱ्या मुलाकडे डोळेझाकही करू नये. दुसरे कारण पैसा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ व ई-स्पोर्ट्स यांत भेद केला. पहिल्यांवर बंदी घातली, दुसऱ्यास मान्यता दिली. हे योग्यच झाले. परंतु खर्चाची दारे तेवढ्याने बंद होत नाहीत. सातवीत असताना मी आईच्या फोनवरून एका काल्पनिक शिपायाच्या काल्पनिक अंगरख्यासाठी खरे चारशे रुपये खर्च केले. आईस ते महिनाअखेर कळले. ती रागावली नाही, तिने फक्त विचारले, ‘हा अंगरखा तुला घालता येतो का?’ याचे उत्तर अजून मजपाशी नाही.

पण अंगरखा घालता येतो, असे सांगणारा एक तरुण त्या संमेलनात भेटला. गेममधील वीरांची सोंगे घेऊन पुष्कळ मंडळी तेथे हिंडत होती. यास कॉस्प्ले म्हणतात. आजोबा प्रथम हसले व म्हणाले, ‘हे तर बहुरूपी!’ मग पाडव्याच्या दिवशी आपल्या डोंबिवलीच्या शोभायात्रेत लहान मुले शिवाजी व जिजाबाई होऊन चालतात, त्याची त्यांस आठवण झाली. एवढ्यात पोलादी चिलखत घातलेला एक उंच तरुण जवळून गेला. आजोबांनी त्यास थांबविले, चिलखतावर बोट वाजवून पाहिले, आणि म्हणाले, ‘हा तर फोम आहे!’ पुढची वीस मिनिटे आम्हां चौघांस त्या दोघांच्या लेखी अस्तित्व नव्हते. फोमचे पत्रे कसे कापले, उष्णता देऊन कसे वळविले, खांद्याचा सांधा हलावा म्हणून काय केले, रंगाचे थर किती, सारे आजोबांनी विचारून घेतले. त्या तरुणाचे दोन महिने त्यात गेले होते. निघताना आजोबांनी त्यास सांगितले की कोपराचा सांधा एका रिव्हेटवर न टांगता दोहोंवर टांगावा. त्याने ते खिशातील कागदावर लिहून घेतले. गेमविषयी नाक मुरडणाऱ्या कोणा पालकाने तो देखावा पाहावयास हवा होता.

गेम घडविण्याचे कामही आपल्या महाराष्ट्रात चालते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा पौराणिक कथेवर आधारलेला खेळ पुण्याच्या एका लहानशा मंडळीने केला. त्यासाठी लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी हात टेकले नाहीत. टाळेबंदीत घरोघरी आजीपासून नातवापर्यंत ज्यावर बोटे फिरली तो ‘लुडो किंग’ नवी मुंबईत तयार झालेला आहे. आणि लुडो म्हणजे तरी काय? आपल्या पचिशीस इंग्लंडात 1896 साली नवे नाव देऊन पेटंट घेतले, तोच हा खेळ. सोंगट्यांच्या पटाभोवती मात्र चार माणसे बसत.

आता मनात सलणारी गोष्ट. आमच्या वर्गात ‘टेकन’ सर्वांत उत्तम खेळते ती एक विद्यार्थिनी. त्या दहा वर्षांच्या मुलासमोर तीच टिकली असती. तिलाही यावयाचे होते. परंतु जागा लांब, दोन ठिकाणी गाडी बदलावयाची, परत येण्यास रात्र, बरोबर सारी मुलेच. तिच्या घरून नकार आला. हा नकार अन्यायाचा होता असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. माझ्या बहिणीविषयी माझ्या घरीही हेच उत्तर मिळाले असते, याची मला खात्री आहे. सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही तिला सारे वर्णन करून सांगितले, माझा पराभवसुद्धा. तिने सर्व ऐकून घेतले व एकच विचारले, ‘हे ठाण्यात का भरत नाही?’

आम्ही चौघेही गप्प बसलो. खरोखर, का भरत नाही? डोंबिवलीच्या ज्या क्रीडासंकुलात साहित्य संमेलनाचा मंडप पडला ते तेथेच आहे. ठाण्यास गडकरी रंगायतन आहे, कल्याणास अत्रे रंगमंदिर आहे. पण एवढी मोठी जागा तरी कशास हवी? ‘ड्रीमहॅक’ नावाचे जे संमेलन आज जगातील अनेक देशांत भरते व 2018 मध्ये आपल्या मुंबईतही भरले, त्याचा जन्म स्वीडनमधील मालुंग नावाच्या गावी झाला, तोही एका शाळेत. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत काही मित्र आपापले संगणक उचलून शाळेच्या तळघरात एकत्र जमत. तेथून पुढे हे सारे वाढले. त्या तळघरात विक्रीची दुकाने नव्हती, रांगा नव्हत्या, आणि डबा अडविणाराही कोणी नसावा.

यास्तव माझी सूचना अशी आहे. आपल्या शाळेच्या सभागृहात वर्षातून एक शनिवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन, हा मेळावा भरवावा. प्रवेशशुल्क नको, बक्षिसाची रक्कम नको. प्रत्येकाने भिडूच्या शेजारी बसूनच खेळावे. एकट्याने मोबाइलवर खेळणारास दाराबाहेर जागा आहे. एका बाजूस कॅरम, बुद्धिबळ व सोंगट्यांचा पट मांडावा, म्हणजे पालकांस केवळ पाहत बसावे लागणार नाही. वाटल्यास त्यांनी ‘कॉन्ट्रा’वर आपला हात आजमावावा. डबे आत आणण्यास पूर्ण मुभा असावी. मुली दुपारी दोनला घरी पोहोचतील, तेव्हा आजवर दिले गेलेले कारण उरणार नाही. नवे कारण निघाले तर त्याचाही विचार करू.

या सूचनेस मुख्याध्यापकांची अनुमती मिळेल की नाही, ते अंक छापून होईपर्यंत कळणार नाही. आमची तयारी मात्र सुरू झाली आहे. माझ्या घरचा टीव्ही त्या दिवसापुरता नेण्यास वडिलांनी संमती दिली आहे, आईने तो जाताना व येताना मोजून घेण्याची अट घातली आहे. ठाणेकराकडे चालू स्थितीतले दोन कंट्रोलर आहेत. ते चालतात हे मी स्वतः हरून पाहिले आहे. आजोबा कॅरमबोर्ड आणणार आहेत आणि वर्गातील त्या विद्यार्थिनीने पहिल्या सामन्यात माझे नाव आपल्यासमोर लिहून ठेविले आहे. दुसऱ्या टीव्हीचा शोध चालू आहे.